लहान रेडिओ आणि दिव्यास बाहेरील वीज : पूरप्रवण भागांसाठी एक सोपी व्यवस्था

तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपाशी अरबी समुद्रास मिळते. ह्या प्रवासात ती जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या आपल्या जिल्ह्यांतून वाहते. भुसावळजवळील हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की त्याची वार्ता प्रकाशे-सारंगखेड्यापर्यंत आणि तेथून उकाईपर्यंत पोहोचवावी लागते. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. ते सुरतेपासून सुमारे १०० किलोमीटर वर आहे. त्यापूर्वी, ऑगस्ट १९६८ मध्ये, तापीच्या पुराने सुरतेत हाहाकार माजविला होता. धरण झाल्यावर हे संकट कायमचे टळले, अशी अनेकांची समजूत झाली. ऑगस्ट २००६ मध्ये ती खोटी ठरली. वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीमुळे उकाईतून सोडावयाच्या पाण्याचे प्रमाण सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेले आणि रांदेर, अडाजणसह सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला.

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत खानदेशातून कामधंद्यासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यामुळे सुरतेचा पूर हा आपल्या राज्यातील असंख्य घरांचाही चिंतेचा विषय होता. त्या दिवसांत शहराच्या अनेक भागांत वीज आणि दूरध्वनी बंद पडले. लोक वरच्या मजल्यांवर सुखरूप होते. परंतु पाणी वाढणार की ओसरणार, मदत कोठे मिळणार, पिण्याचे पाणी कधी येणार, हे त्यांना कळण्याचा मार्ग उरला नव्हता. भ्रमणध्वनीची बॅटरी एक-दोन दिवसांत संपते आणि वीज नसल्यास ती पुन्हा भरता येत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये आणि महाड-चिपळुणात जुलै २०२१ मध्ये आपण थोड्याफार फरकाने हेच अनुभवले आहे.

अशा वेळी दोन लहान वस्तू मोलाच्या ठरतात : रेडिओ आणि दिवा. आज बाजारात मिळणाऱ्या ह्या दोन्ही वस्तू बहुधा पुन्हा भरावयाच्या बॅटरीवर चालतात. त्यांची बॅटरी उतरली अथवा निकामी झाली, की वस्तू धडधाकट असूनही निरुपयोगी होते. बाहेरील विजेवर, म्हणजे टॉर्चच्या साध्या सेलवर, मोटारसायकलच्या बॅटरीवर अथवा मोबाईलच्या अडॅप्टरवर, त्या चालविण्याची व्यवस्था थोड्या खर्चात करता येते. ती कशी करावी व कोणत्या चुका कटाक्षाने टाळाव्यात, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

बॅटरी काढल्यावर वस्तू का चालत नाही?

पुष्कळांचा असा अनुभव असतो की, रेडिओची बॅटरी खराब झाल्यावर चार्जरची वायर लावूनही रेडिओ चालत नाही. चाललाच तर अडखळतो, आवाज वाढविताच बंद पडतो. ह्याचे कारण वस्तूच्या रचनेत आहे. चार्जरमधून येणारी वीज अनेक लहान वस्तूंमध्ये सरळ रेडिओच्या मंडलास मिळत नाही. ती प्रथम बॅटरी भरणाऱ्या छोट्या मंडलाकडे जाते, तेथून बॅटरीकडे आणि बॅटरीमधून रेडिओकडे. बॅटरी येथे पाण्याच्या टाकीसारखे काम करते. नळाची धार बारीक असली तरी टाकीतून एकदम बादलीभर पाणी घेता येते. टाकी काढून टाकली की बारीक धारेवरच भागवावे लागते. शिवाय भरणाऱ्या मंडलास बॅटरी सापडली नाही, तर त्याचा दाब स्थिर राहत नाही. तो वरखाली होतो आणि रेडिओ चालू-बंद होत राहतो.

ह्यावरून उपाय स्पष्ट होतो. वीज चार्जरच्या भोकातून न देता, जेथे बॅटरीची टोके टेकतात तेथेच दिली पाहिजे. आणि ती बॅटरीच्या दाबाशी जुळणारी असली पाहिजे.

प्रथम दाब ओळखावा

पुन्हा भरावयाच्या बॅटऱ्या साधारणतः तीन प्रकारच्या आढळतात.

लहान रेडिओत व मोबाईलमध्ये लिथियम-आयन घट असतो. त्यावर ३.७ व्होल्ट असे छापलेले असते. पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो आणि तो सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरला की घट रिकामा झाला असे समजतात. म्हणजे ह्या घटावर चालणाऱ्या वस्तूस ३ ते ४.२ व्होल्टच्या दरम्यानची वीज चालते. त्याहून अधिक चालेलच, असे गृहीत धरू नये.

वीज गेल्यावर लावावयाच्या अनेक दिव्यांत ४ व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्यात २ व्होल्टचे दोन घट असतात. वापराच्या काळात तिचा दाब सुमारे ३.५ ते ४.५ व्होल्ट असतो.

निकेलच्या घटाचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्ट असतो. असे तीन घट एकापुढे एक जोडले की ३.६ व्होल्ट होतात.

कामास हात घालण्यापूर्वी बॅटरीवरील आकडा वाचावा आणि धन व ऋण टोकांच्या खुणा कागदावर उतरवून घ्याव्यात. टोके उलट लागल्यास वस्तू क्षणार्धात निकामी होऊ शकते. एक साधा मल्टिमीटर जवळ असणे अगत्याचे आहे. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत तसेच जिल्ह्याच्या गावी रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तो माफक किमतीस मिळतो.

बॅटरीच्या आकाराचा ठोकळा

रेडिओ न फोडता हे काम करण्याची उत्तम रीत म्हणजे बॅटरीच्या मापाचा लाकडी अथवा प्लॅस्टिकचा ठोकळा करणे. मूळ बॅटरीची लांबी, रुंदी व जाडी मोजून ठोकळा तेवढाच घासावा. बॅटरीची सोनेरी टोके जेथे असतात, नेमक्या त्याच जागी पितळेचे दोन लहान स्क्रू बसवावेत. त्यांच्या मागून दोन वायरी काढून झाकणाच्या कडेतून बाहेर आणाव्यात. धन टोकास लाल व ऋण टोकास काळी वायर वापरावी. पुढे कधी नवी बॅटरी मिळाली, तर ठोकळा काढून ती पूर्ववत बसविता येते. वस्तूच्या मंडलास धक्का लागत नाही, हा ह्या रीतीचा मोठा लाभ होय.

काही बॅटऱ्यांना तीन टोके असतात. मधले टोक बॅटरीचे तापमान अथवा प्रकार कळविण्यासाठी असते. साध्या रेडिओत त्याचा बहुधा उपयोग केलेला नसतो. मोबाईलमध्ये मात्र ते मोकळे राहिल्यास संच सुरूच होत नाही. ह्याखेरीज मोबाईल लहरी पाठविताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. जुन्या पद्धतीच्या संचात तो २ अँपिअरपर्यंत जातो. बारीक वायर व साधा अडॅप्टर तेथे कमी पडतो. म्हणून हौशी माणसाने आरंभ रेडिओपासून करावा. मोबाईलवर हा प्रयोग करू नये.

मूळ बॅटरी जागेवर ठेवून तिच्या टोकांस बाहेरील वीज समांतर जोडण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. लिथियम घटास नियंत्रणाविना वीज मिळाल्यास तो तापतो, फुगतो व प्रसंगी पेट घेतो. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बीएल-५सी ह्या प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या भरताना अतिशय तापण्याची शक्यता असल्याची सूचना जगभर दिली होती, हे वाचकांना स्मरत असेल. कारखान्यात, तपासणीनंतर बाहेर पडलेल्या घटांची जर ही कथा, तर घरगुती जोडणीत किती दक्षता हवी हे सांगावयास नको.

पहिली जोडणी : टॉर्चचे तीन सेल

पुराच्या दृष्टीने ही जोडणी सर्वोत्तम आहे, कारण तिला घरातील विजेची गरज लागत नाही. टॉर्चचे मोठे तीन सेल एकापुढे एक जोडले की दाब ४.५ व्होल्ट होतो. सेल अगदी नवे असल्यास ४.८ पर्यंतही असतो. लिथियम घटाच्या ४.२ ह्या मर्यादेपेक्षा हा अधिक आहे. म्हणून धन वायरीत सिलिकॉनचा एक डायोड जोडावा. १एन४००७ ह्या क्रमांकाचा डायोड कोठेही मिळतो आणि तो १ अँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो. त्यातून प्रवाह जाताना सुमारे ०.७ व्होल्ट दाब खर्च होतो. ४.८ मधून ०.७ वजा जाता ४.१ उरतात आणि काम सुरक्षित होते.

डायोडचा दुसराही उपयोग आहे. त्यातून वीज एकाच दिशेने जाते. ठोकळा बसविलेला असताना कोणी चुकून चार्जर लावला, तर ती वीज सेलमध्ये शिरत नाही. डायोडवरील पांढरी पट्टी रेडिओच्या बाजूस असावी. ह्यावर विसंबून न राहता, चार्जरच्या भोकावर चिकटपट्टीही लावावी.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. प्रवाह अत्यल्प असेल तर डायोड पूर्ण ०.७ व्होल्ट खर्च करीत नाही. त्यामुळे रेडिओ बंद असताना टोकांवरचा दाब वाढलेला दिसतो. ह्यावर उपाय म्हणून डायोडनंतर धन व ऋण वायरींमध्ये ४७० ओहमचा एक रोध जोडावा. तो सुमारे ८ मिलिअँपिअर प्रवाह सतत घेतो आणि दाब मर्यादेत राहतो. हा प्रवाह रेडिओ बंद असताना वाया जाऊ नये, म्हणून सेलच्या डब्यावर स्विच बसवावा.

ही व्यवस्था किती काळ चालेल? मध्यम आवाजात रेडिओ १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे मानू. १,००० मिलिअँपिअर-तासाचा भरलेला लिथियम घट त्यास सुमारे १० तास पुरेल. टॉर्चच्या मोठ्या सेलमधून ५,००० मिलिअँपिअर-तास मिळाले, तर सुमारे ४५ तास होतात. दर तासास दहा मिनिटे बातम्या व सूचना ऐकावयाच्या ठरविल्यास हाच साठा ११ दिवसांहून अधिक पुरतो. सेल बरेच उतरल्यावर तिन्हींचा एकत्र दाब मल्टिमीटरने मोजावा. रेडिओ चालू असताना तो ४ व्होल्टच्या खाली आढळल्यास डायोड वगळून वायर सरळ जोडता येते आणि उरलेली वीजही उपयोगी पडते.

दुसरी जोडणी : मोबाईलचा अडॅप्टर अथवा पॉवर बँक

ह्या दोहोंतून ५ व्होल्ट मिळतात. एकच डायोड लावल्यास ४.३ व्होल्ट उरतात, म्हणजे मर्यादा किंचित ओलांडली जाते. म्हणून येथे दोन डायोड एकापुढे एक जोडावेत. मग सुमारे ३.६ व्होल्ट मिळतात. अडॅप्टरचा दाब ५.२५ पर्यंत वाढला, तरी दोन डायोडनंतर तो ४ व्होल्टच्या आसपासच राहतो. ४७० ओहमचा रोध येथेही असावा. आवाज वाढताना रेडिओ अडखळू नये म्हणून टोकांजवळ १,००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे धारित्र लावावे; त्याच्याही धन-ऋण खुणा पाहूनच जोडणी करावी. टाकीचे जे काम पूर्वी बॅटरी करीत होती, त्यातील थोडे काम हे धारित्र करते.

पॉवर बँकेबाबत एक अडचण संभवते. प्रवाह फार कमी असल्यास अनेक पॉवर बँका मोबाईल भरून झाला असे समजून आपोआप बंद होतात. रेडिओ काही मिनिटांनी बंद पडत असेल तर दोष रेडिओत नसून येथे असतो. असा प्रकार संकटाच्या रात्री प्रथमच लक्षात येऊ नये, म्हणून आधीच तासभर चालवून पाहावे.

तिसरी जोडणी : मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी

१२ व्होल्टवरून ४ व्होल्टपर्यंत उतरण्यास डायोड पुरे पडत नाहीत, दाब-नियामक लागतो. तो दोन प्रकारचा मिळतो. एक, वीज अतिवेगाने चालू-बंद करून दाब उतरविणारा. हा काटकसरी आहे, पण त्याच्यापासून रेडिओत, विशेषतः मध्यम लहरींवर, मोठी खरखर येते. दूरचे केंद्र ऐकावयाचे असल्यास तो निरुपयोगी ठरतो. दुसरा, जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने खर्च करणारा, उदाहरणार्थ एलएम३१७. हा शांत असतो. रेडिओसाठी हाच घ्यावा.

एलएम३१७ चा दाब दोन रोधांनी ठरतो. २४० व ५१० ओहमचे रोध घेतल्यास सुमारे ३.९ व्होल्ट मिळतात. बॅटरी १२.६ व्होल्टची असता नियामकावर ८.७ व्होल्ट खर्च होतात. १०० मिलिअँपिअर प्रवाहास ही उष्णता सुमारे ०.९ वॅट होते. म्हणून त्यास अॅल्युमिनियमची लहान पट्टी स्क्रूने जोडावी. नियामक बिघडल्यास १२ व्होल्ट सरळ रेडिओवर येतील; ते टाळण्यासाठी बॅटरीच्या धन टोकालगत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि नियामकानंतर ५.१ व्होल्टचा झेनर डायोड जोडावा. बॅटरीच्या टोकांशी फ्यूज नसलेली वायर कधीही ठेवू नये. ती दोन टोकांत अडकल्यास लालबुंद होऊन आग लागू शकते.

दिव्यासंबंधी विशेष इशारा

४ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यास मोबाईलच्या अडॅप्टरमधून वीज द्यावयाची झाल्यास एक डायोड पुरेसा आहे, ४.३ व्होल्ट त्यास मानवतात. मात्र दिवा रेडिओहून अधिक प्रवाह घेतो, म्हणून ३ अँपिअर सोसणारा १एन५४०८ हा डायोड वापरावा.

परंतु ज्या स्वस्त टॉर्चच्या अंगातूनच दोन पिनांचा प्लग बाहेर निघतो व जी सरळ भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचून भरतात, तिच्याबाबत अत्यंत सावध राहावे. अशा अनेक टॉर्चमध्ये रोहित्र नसते. २३० व्होल्टची वीज एका धारित्रातून नेऊन प्रवाह तेवढा मर्यादित केलेला असतो. त्यामुळे प्लग खोचलेला असताना आतील प्रत्येक वायर, बॅटरीचे टोकसुद्धा, घराच्या विजेशी जोडलेले असते. बाहेरील प्लॅस्टिकचे आवरण हेच माणसाचे एकमेव संरक्षण होय. असल्या टॉर्चमधून कोणी दोन वायरी बाहेर काढल्या आणि नंतर घरातल्या कोणी ती भरावयास लावली, तर त्या उघड्या वायरींचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. म्हणून अशा टॉर्चला बाहेरची जोडणी करावयाचीच असेल तर आधी प्लगच्या पिना व त्यामागील मंडल मुळापासून काढून टाकावे आणि प्लगचे भोक कायमचे बुजवावे. हे करणे शक्य नसेल, तर त्या टॉर्चला हात लावू नये.

घरात पाणी शिरले असता अथवा हात-पाय ओले असता भिंतीवरील सॉकेटमधून कोणताही अडॅप्टर वापरू नये. मुख्य स्विच बंद करावा आणि केवळ सेल अथवा १२ व्होल्टची बॅटरी वापरावी. अडॅप्टर व बॅटरी विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहूनच घ्यावीत.

जोडणीची तपासणी

रेडिओस जोडण्यापूर्वी वायरींच्या टोकांवर ३९ ओहम, १ वॅटचा रोध तात्पुरता लावून दाब मोजावा. ह्या रोधातून जवळजवळ रेडिओइतकाच प्रवाह जातो, त्यामुळे खरा दाब कळतो. तो ३.३ ते ४.१ व्होल्टच्या दरम्यान असावा. टोकांची दिशा पुन्हा एकदा पडताळावी. मग ठोकळा बसवून रेडिओ मंद आवाजात सुरू करावा. पाच मिनिटांनी डायोड व नियामक हाताने चाचपावेत. कोमट लागल्यास चिंता नाही, चटका बसल्यास जोडणी सोडवून कारण शोधावे.

काढून टाकलेली बॅटरी फुगलेली असल्यास तिला टोचू नये, दाबू नये अथवा चुलीत टाकू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या जागी ठेवावी आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राकडे सोपवावी. बॅटरी-कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र शासनाने २०२२ मध्ये केले असून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

ही व्यवस्था जून महिन्यापूर्वी सिद्ध करून ठेवावी. ठोकळा, वायरी, डायोड आणि सेलचा डबा एका घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, घरातील उंच जागी ठेवावा. सेल डब्यातील खाचेत बसवून ठेवू नयेत. पाझरलेल्या सेलमुळे टोके गंजतात. ते कागदात गुंडाळून वेगळे ठेवावेत आणि दरवर्षी बदलावेत. आपल्या गावी आकाशवाणीचे कोणते केंद्र स्पष्ट ऐकू येते, ते शोधून त्याचा आकडा डब्याच्या झाकणावर लिहावा. त्याखाली तालुका नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. घरातील किमान दोघांना, त्यांत एका स्त्रीस, ही जोडणी करता आली पाहिजे. घरातील कर्ता पुरुष पुराच्या वेळी घरी असेलच असे नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून हे काम देण्यासारखे आहे. तापी, कृष्णा, पंचगंगा, सावित्री, वाशिष्ठी ह्या नद्यांच्या काठच्या ग्रामपंचायतींनी पुराच्या वेळी स्थलांतराच्या जागी असा एक तरी रेडिओ व दोन दिवे तयार ठेवावेत. पाणी कधी व किती येईल हे नदीच्या वरच्या भागातील यंत्रणा सांगू शकते. परंतु ती सूचना अंधारात अडकलेल्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग. तीन सेल, एक डायोड आणि लाकडाचा एक ठोकळा एवढ्या सामग्रीवर ते साधता येते.